वार्धक्यातील आकलन आणि आरोग्याची माहिती : एक प्रस्तावना

हरियाणातील बल्लभगड परिसराच्या खेड्यांतून गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात भारतीय आणि अमेरिकन संशोधकांच्या एका संयुक्त मंडळाने वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाची पाहणी हाती घेतली, तेव्हा त्यांच्यापुढे प्रथम उभी राहिलेली अडचण रोगाविषयी नसून प्रश्नपत्रिकेविषयी होती. मार्शल फोल्स्टीन, सुसान फोल्स्टीन आणि पॉल मॅक्ह्यू यांनी १९७५ साली सिद्ध केलेली, आणि जगभरच्या रुग्णालयांत प्रमाण मानली गेलेली, तीस गुणांची जी मनोवस्थेची छोटी परीक्षा आहे, तिच्यात परीक्षार्थ्याने शंभरातून सात-सात वजा करीत जावे, ‘डोळे मिटा’ हे छापील वाक्य वाचून त्याप्रमाणे वागावे आणि स्वतःच्या मनाचे एक वाक्य कागदावर लिहून दाखवावे, अशा अपेक्षा आहेत. आणि ज्यांनी आयुष्यात कधी पाटीवर अक्षर गिरविले नाही अशा शेतकऱ्यांना व त्यांच्या बायकांना ही परीक्षा जशीच्या तशी घातली असती, तर शाबूत बुद्धीची कितीतरी माणसे दप्तरात स्मृतिभ्रष्ट म्हणून दाखल झाली असती. म्हणून मेरी गांगुली आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदी नमुन्यात वजाबाकीच्या जागी आठवड्याचे वार उलट्या क्रमाने म्हणावयास सांगितले, छापील आज्ञेऐवजी ‘माझ्या चेहऱ्याकडे पाहा आणि मी करीन तेच करा’ असे म्हणून परीक्षकाने स्वतःचे डोळे मिटले, आणि वाक्य लिहिण्याऐवजी ‘आपल्या घराविषयी काही सांगा’ एवढीच विनंती केली. त्या खेड्यांतील म्हाताऱ्या माणसांची बुद्धी जी होती तीच राहिली. बदलले ते प्रश्नाचे स्वरूप, आणि त्यासरशी उत्तरे येऊ लागली.

हे उदाहरण आरंभीच नमूद करण्याचे कारण असे की, प्रस्तुत पुस्तकाचा जो विषय आहे, म्हणजे उतारवयात मनुष्याच्या आकलनशक्तीत कोणते फरक पडतात आणि त्या फरकांसह तो आपल्या प्रकृतीसंबंधीची माहिती कशी ऐकतो, वाचतो, लक्षात ठेवतो व आचरतो, त्या विषयाची गुरुकिल्ली माझ्या मते याच अनुभवात आहे. औषध चुकले, पथ्य मोडले, तपासणीची तारीख हुकली, की घरातील आणि दवाखान्यातील माणसे बिनदिक्कत असा निष्कर्ष काढतात की ‘आता त्यांना समजत नाही’. आणि सांगणाऱ्याने जे सांगितले ते कोणत्या वेगाने, कोणत्या क्रमाने, किती मोठ्या अक्षरांत आणि कोणाकडे पाहून सांगितले, याची चौकशी सहसा होत नाही. आकलन ही सांगणारा व ऐकणारा या दोघांनी मिळून करावयाची क्रिया असून तिच्यातील अपयशाचा सगळा बोजा एकट्या वृद्धाच्या माथी मारणे अन्यायाचे आहेच, पण त्यापेक्षाही ते घातक आहे, कारण त्यामुळे दुरुस्त करता येण्याजोगी चूक दुरुस्तीवाचून राहते. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठ वर्षांवरील माणसांची संख्या १० कोटी ३८ लाख भरली. त्यांच्यात साक्षरांचे प्रमाण ४४ टक्के होते, पुरुषांत ते ५९ टक्के तर स्त्रियांत अवघे २८ टक्के होते. या आकड्यांपुढे आपल्या औषधांच्या वेष्टनांवरील इंग्रजी मजकूर आणि रुग्णालयातून घरी जाताना हाती पडणारे इंग्रजी कागद ठेवून पाहिले, म्हणजे चौकशीला कोठून सुरुवात करावी ते निराळे सांगावे लागत नाही.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिची कधी रुजवात घालून पाहावी असे कोणास वाटत नाही. मानसशास्त्रज्ञांनी ती घातली आहे, आणि निष्पन्न झालेली हकीकत म्हणीपेक्षा पुष्कळ गुंतागुंतीची आहे. रेमंड कॅटेल यांनी १९४३ साली बुद्धीचे दोन प्रकार कल्पिले, आणि पुढे जॉन हॉर्न यांनी ती कल्पना विस्ताराने मांडली : एक तरल बुद्धी, जी अपरिचित प्रसंगी तत्काळ मार्ग काढते, आणि दुसरी संचित बुद्धी, जी शब्दसंग्रह, व्यवहारज्ञान आणि आयुष्यभराच्या अनुभवातून साचत गेलेली असते. पहिलीला तारुण्यातच भर येतो आणि नंतर ती हळूहळू ओसरते. दुसरी साठीपर्यंत, कित्येकांच्या बाबतीत त्यापुढेही, टिकून राहते किंवा वाढते. १९५६ साली अमेरिकेतील सिएटल शहरी वॉर्नर शाय यांनी जी दीर्घकालीन पाहणी सुरू केली आणि दर सात वर्षांनी त्याच त्याच माणसांना पुन्हा तपासण्याची चिकाटी दाखविली, तिच्यातून आणखी एक भ्रम दूर झाला. निरनिराळ्या वयांच्या माणसांची एकाच वेळी तुलना केली असता वृद्ध मागे पडलेले दिसतात खरे. परंतु त्यातील बराचसा फरक हा वयाचा नसून पिढीचा, म्हणजे शिक्षणाचा आणि परिस्थितीचा असतो, आणि तीच व्यक्ती स्वतःशी ताडून पाहिली तर निश्चित म्हणता येईल अशी उतरण बहुतेक शक्तींच्या बाबतीत साठीच्या सुमारास किंवा त्यानंतरच सुरू होते. याला ठळक अपवाद आहे तो वेगाचा. पाहणे, निवडणे, जुळविणे यांची गती सर्वांआधी मंदावते.

स्कॉटलंडमधील दाखला तर याहून विलक्षण आहे. १ जून १९३२ रोजी त्या देशातील शाळांत असलेल्या, १९२१ साली जन्मलेल्या बहुतेक सर्व मुलांची, म्हणजे ८७,४९८ जणांची, एकाच दिवशी बुद्धिपरीक्षा घेण्यात आली, आणि ती कागदपत्रे कित्येक दशके दप्तरात पडून राहिली. इयन डिअरी, लॉरेन्स व्हॅली आणि त्यांचे सहकारी यांना त्यांचा सुगावा लागल्यावर त्यांनी १ जून १९९८ रोजी, बरोबर सहासष्ट वर्षांनी, त्या मुलांपैकी हयात असलेल्या काहीजणांना अॅबर्डीन येथे बोलावून तीच प्रश्नपत्रिका पुन्हा सोडवावयास दिली. सत्त्याहत्तर वर्षांच्या त्या परीक्षार्थ्यांनी सरासरीने आपल्या अकराव्या वर्षापेक्षा अधिक गुण मिळविले, आणि त्यांच्यातील उजवे-डावेपणाचा क्रमही पुष्कळ अंशी बालपणीचाच राहिला. अकरा वर्षांच्या मुलापेक्षा वृद्धाला अधिक येते यात नवल कसले, असे कोणी म्हणेल. पण वार्धक्य म्हणजे दुसरे बालपण असे उठल्यासुटल्या म्हणणाऱ्यांपुढे हा पुरावा ठेवला पाहिजे. शिवाय त्यातून हेही दिसते की एखाद्या वृद्धाला आज जे कठीण जाते त्यातील काही भाग त्याला विशीतही कठीणच गेला असता. वयाच्या खाती ते सगळे जमा करणे हिशेबाला धरून नाही.

तथापि वेग मंदावतो ही गोष्ट किरकोळ समजून चालणार नाही, कारण तिचे परिणाम दूरवर पोचतात. टिमोथी सॉल्टहाउस यांनी १९९६ साली या मंदगतीचे जे विवेचन केले त्यात त्यांनी दोन निरनिराळे तोटे दाखविले आहेत. ठराविक वेळात काम पुरे होत नाही, हा उघड तोटा. परंतु दुसरा अधिक सूक्ष्म आहे. विचाराची एक पायरी पुरी होईपर्यंत आधीच्या पायरीचे फलित मनातून निसटून जाते, आणि त्यामुळे दोन गोष्टी एकाच वेळी मनापुढे धरून त्यांच्यातून तिसरी काढणे अवघड होते. मानसशास्त्रज्ञ ज्याला कार्यस्मृती म्हणतात तिची अवस्था वार्धक्यात जात्यासारखी असते : दगड शाबूत असतो, टाकी उत्तम लागलेली असते, पीठही बारीक पडते, मात्र तोंडात घालावयाची वैरण लहान मुठीने आणि थांबत थांबत घालावी लागते. आता रुग्णालयातून घरी निघालेल्या एखाद्या गृहस्थाला पाच मिनिटांत जे सांगितले जाते ते आठवून पाहावे. ही गोळी जेवणाआधी अर्धा तास, ती जेवणानंतर, ही पाच दिवस घेऊन बंद, ती बंद करू नका, पूर्वीची रक्तदाबाची चालू ठेवा पण निम्मी, पाय सुजले तर लगेच या, टाके बुधवारी, बिलावर तेथे सही. यातील प्रत्येक वाक्य त्याला समजते. आणि तरीही ‘जेवणाआधीची गोळी आणि सकाळची थायरॉईडची गोळी यांत किती अंतर ठेवावयाचे’ हा जो प्रश्न कोणीच न सांगितल्यामुळे त्याला स्वतः सोडवावा लागतो, तेथे तो अडतो. फिलिप ले यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की रुग्णाला जितकी विधाने अधिक सांगावीत तितका विसरण्याचा भाग अधिक होतो. आणि रॉय केसल्स यांनी २००३ साली घेतलेल्या आढाव्याप्रमाणे वैद्यकीय माहितीपैकी चाळीस ते ऐंशी टक्के माहिती तत्काळ विसरली जाते, आणि जी आठवते तिच्यातीलही जवळजवळ निम्मी चुकीची आठवते. हे आकडे सर्व वयांच्या रुग्णांचे आहेत. तरुणांचीही जेथे ही गत आहे, तेथे वृद्धाच्या एकट्याच्या विसरण्याची तक्रार किती करावी?

इंद्रियांविषयी थोडक्यात सांगतो. साठीतील डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतील डोळ्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, आणि चकचकीत पृष्ठभागावरची तिरीप वृद्ध डोळ्याला विशेष दिपविते; आपल्याकडील गोळ्यांची पाकिटे चंदेरी पत्र्याची आणि त्यांवरची अक्षरे मुंगीएवढी असतात, आणि त्यात दुकानदाराने गरजेपुरत्या गोळ्या कात्रीने कापून दिल्या की औषधाचे नाव एका तुकड्यावर आणि मुदत दुसऱ्या तुकड्यावर जाते. कानाची तऱ्हा अधिक फसवी आहे. वार्धक्यात उच्च कंपनसंख्येचे ध्वनी आधी हरपतात, म्हणजे स्वर ऐकू येतात पण स, श, फ, थ यांसारखी व्यंजने विरून जातात. त्यामुळे ‘बोलणे ऐकू येते पण कळत नाही’ असे जे म्हातारी माणसे म्हणतात ते अक्षरशः खरे असते, आणि पंख्याच्या घरघरीत व बाह्यरुग्ण विभागाच्या गलबल्यात ‘साठ’चे ‘आठ’ होण्यास विलंब लागत नाही. ओरडून बोलल्याने स्वर मोठा होतो, व्यंजन स्पष्ट होत नाही. आर्थर विंगफील्ड यांच्या अभ्यासांतून असे दिसले आहे की अर्धवट ऐकू आलेले शब्द ओळखण्यात जी शक्ती खर्ची पडते, ती ऐकलेले लक्षात ठेवण्याच्या कामातून वजा होते. म्हणजे कानाचा दोष पुढे स्मृतीच्या नावावर लिहिला जातो.

येथवर जे गमावले जाते त्याचे वर्णन झाले. जे राहते ते मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि या विषयावरील लेखनात त्याचीच अधिक उपेक्षा झालेली आहे. डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली चौतीस ते चौऱ्याऐंशी वर्षे वयाच्या १२१ संधिवाताच्या रुग्णांच्या औषधांच्या बाटल्यांना, झाकण केव्हा उघडले याची नोंद करणारी यंत्रे बसवून चार आठवडे पाहणी केली. आकलन आणि स्मृती यांच्या कसोट्यांत वृद्ध मागे होते. पण प्रत्यक्षात औषधे वेळेवर घेण्यात सर्वांत कमी चुका त्यांच्याच झाल्या, आणि सर्वांत अधिक चुकले ते मध्यम वयाचे, कामाच्या धबडग्यात असलेले लोक. नियमित दिनक्रम, आजाराशी झालेला जुना परिचय आणि प्रकृतीविषयीचे गांभीर्य यांनी मंद स्मृतीची भरपाई केली. याच धाग्याने पुढे लिंडा लिऊ आणि पार्क यांनी २००४ साली दाखविले की, रक्तातील साखर रोज तपासण्याचे काम ‘मी उद्या अमुक ठिकाणी, अमुक करीत असताना ही तपासणी करीन’ असे आधी मनात चित्र उभे करून ठेवणाऱ्या वृद्धांकडून, नुसत्या सूचना घोकणाऱ्यांच्या मानाने, पुष्कळच अधिक नेमाने पार पडले. घड्याळाच्या काट्याला बांधलेले काम वृद्ध मन विसरते. घडणाऱ्या प्रसंगाला बांधलेले सहसा विसरत नाही. ज्या घरात देवपूजा, दुपारचा चहा, संध्याकाळचे दिवे आणि सातच्या बातम्या यांचा क्रम वर्षानुवर्षे ढळलेला नाही, त्या घरात ‘सकाळी आठ वाजता’ असे सांगण्यापेक्षा ‘पूजा आटोपून उठताना’ असे सांगणे अधिक शास्त्रशुद्ध आहे.

परंतु या संचिताची दुसरीही एक बाजू आहे. वृद्ध मनुष्य वैद्यकीय माहिती कोऱ्या मनाने ऐकत नाही. शरीराविषयीचे एक संपूर्ण, सुसंगत आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले शास्त्र त्याच्यापाशी असते, आणि नवीन गोष्ट त्या शास्त्रातील कोणत्या तरी कप्प्यात बसल्यावाचून त्याला पटत नाही. आपल्याकडे ते शास्त्र उष्ण आणि थंड, पित्त आणि वात, पथ्य आणि कुपथ्य यांचे आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ‘गरम पडतात’ म्हणून एक दिवसाआड घेणाऱ्या, किंवा त्यांचा दाह शमावा म्हणून त्या दुधाबरोबर घेणाऱ्या आजींचे वर्तन अडाणीपणाचे मानले जाते. वस्तुतः त्यांनी मिळालेल्या माहितीवर विचार केलेला असतो, आणि हाताशी असलेल्या तत्त्वांवरून निष्कर्षही काढलेला असतो. चुकीचा असेल, पण तो आकलनाचा अभाव नव्हे. अशा वेळी ‘गरम वगैरे काही नसते’ असे म्हणून तो संपूर्ण विचारव्यूह एका वाक्यात बरखास्त करणाऱ्या डॉक्टरावर विश्वास ठेवण्याचे त्या आजींना काही कारण उरत नाही. याउलट पोटात जळजळ होते काय, कोणत्या गोळीनंतर होते, असे विचारून जो तिचा खुलासा करील, आणि कोणती गोळी दुधाबरोबर घेतली असता तिचा गुण कमी होतो हे पथ्याच्या परिचित भाषेत सांगेल, त्याचे म्हणणे त्या आजी आपल्या सुनेला आणि नातीलाही समजावून देतील. मिठाच्या बाबतीत तर ही गोष्ट कळीची आहे. ‘मीठ कमी करा’ हा उपदेश ताटात वरून मीठ न घेण्याने पाळला गेला असे बहुतेक घरांत समजले जाते. लोणचे, पापड, खारवलेली मिरची, चटण्या आणि वरणाची फोडणी यांचा त्यात समावेश आहे हे सांगणाऱ्याने गृहीत धरलेले असते आणि ऐकणाऱ्याने नसते. स्वयंपाकाची सूत्रे ज्या वृद्धेच्या हाती आहेत तिला पदार्थांची नावे घेऊन सांगितले, तर सगळ्या कुटुंबाचा आहार बदलतो.

गैरसमजांच्या खंडनाविषयी एक इशारा येथे दिला पाहिजे, कारण सद्‌हेतूने काम करणाऱ्यांचीच यात चूक होते. इयन स्कर्निक, कॅरोलिन यून, डेनिस पार्क आणि नॉर्बर्ट श्वार्झ यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आरोग्यविषयक विधाने ‘हे खोटे आहे’ अशा स्पष्ट शेऱ्यासह काही जणांना एकदा व काही जणांना तीनदा सांगितली. त्याच दिवशी तीनदा ऐकलेल्यांना ती खोटी असल्याचे अधिक चांगले स्मरले. पण तीन दिवसांनी वृद्धांच्या बाबतीत पारडे फिरले : जे विधान खोटे म्हणून अधिक वेळा ऐकले, तेच खरे म्हणून अधिक वेळा आठवले. शेरा पुसला गेला होता, परिचय तेवढा उरला होता, आणि परिचित वाटणारी गोष्ट मनाने खरी मानली होती. पुढील अभ्यासांत हा परिणाम सर्वत्र इतक्याच तीव्रतेने आढळलेला नाही, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. तरीही आपल्या वृत्तपत्रांतील ‘समज-गैरसमज’ या सदरांची मांडणी पाहिली की मला चिंता वाटते. चुकीची समजूत ठळक टाइपात मथळ्याला, आणि तिचे निराकरण खाली बारीक अक्षरांत तीन परिच्छेदांचे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला एखादा अघोरी उपाय ‘हे खरे नाही बरं का’ अशी टीप जोडून नातेवाईकांच्या गटात पुन्हा पाठविणारी पुतणी नेमके हेच करीत असते. वृद्ध वाचकासाठी लिहिताना खरी गोष्ट प्रथम, मोठ्या अक्षरांत आणि होकारार्थी वाक्यात लिहावी, आणि खोट्याचा उच्चार अगदी अपरिहार्य असेल तेवढाच करावा.

मांडणीचे महत्त्व ज्यांनी विशेष सिद्ध केले त्यांत रूथ डे यांचे नाव घेतले पाहिजे. पक्षाघातातून उठलेल्या एका रुग्णाला मिळालेली औषधांची लांबलचक यादी त्यांनी घेतली, आणि तीच माहिती न्याहारी, दुपारचे जेवण, रात्रीचे जेवण व निजण्याची वेळ अशा रकान्यांच्या तक्त्यात बसविली. १९८८ साली त्यांनी नोंदविले की मजकूर तोच असून तक्ता वाचणाऱ्यांचे आकलन आणि स्मरण दोन्ही सुधारले. डॅनियल मॉरो यांनी पुढे असे दाखविले की औषधांच्या सूचना कोणत्या क्रमाने याव्यात याविषयी वृद्धांची आणि तरुणांची अपेक्षा एकच असते : औषध कोणते व कशासाठी, ते कसे व केव्हा घ्यावे, आणि मग त्याचे परिणाम. या क्रमाने सांगितले तर दोघांच्याही लक्षात अधिक राहते. आपल्याकडे चिठ्ठीवर ‘१-०-१’ असे लिहिण्याचा जो प्रघात आहे, तो मला या दृष्टीने मोठा गुणकारी वाटतो, कारण सकाळ, दुपार, रात्र यांचा तो एक सूक्ष्म तक्ताच आहे. फक्त औषध कशासाठी आहे हा रकाना त्यात नाही, आणि वृद्धाला सर्वांत अधिक आधार त्याच रकान्याचा असतो. वाचता येणे आणि समजणे यांत किती अंतर पडू शकते हे अमेरिकेतील ३९५ रुग्णांच्या एका पाहणीत २००६ साली दिसून आले. ‘दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा’ ही सूचना कमी साक्षरता असलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्क्यांनी बरोबर म्हणून दाखविली, पण दिवसाच्या चार गोळ्या मोजून दाखविणे त्यांच्यापैकी सुमारे ३५ टक्क्यांनाच साधले. संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची मेथोट्रेक्सेटची गोळी रोज घेतली जाऊन माणसे दगावल्याचे दाखले अनेक देशांत आहेत. तेथे नुसते ‘आठवड्यातून एकदा’ असे न लिहिता ‘फक्त सोमवारी’ असे वाराचे नाव लिहिणे ही प्राणरक्षणाची तजवीज आहे. आणि जी माणसे नाव वाचू न शकल्यामुळे ‘पिवळी’, ‘लांबुळकी’, ‘अर्धी निळी’ अशा खुणांनी औषधे ओळखतात, त्यांना दुसऱ्या कंपनीची तीच गोळी निराळ्या रंगात देताना दुकानदाराने बजावून सांगितले नाही, तर जुनी आणि नवी अशा दोन्ही गोळ्या बरोबर घेतल्या जातात.

आकड्यांचाही असाच विचार व्हावा. गर्ड गिगरेन्झर यांनी पुष्कळ वर्षे प्रतिपादिले आहे की शेकडेवारीपेक्षा ‘शंभर माणसांत पाच’ असे मोजून सांगितलेले धोके सर्वांनाच अधिक चांगले समजतात. मराठी वृद्धांच्या बाबतीत त्यात मी एवढीच भर घालीन की, आज जे ऐंशीच्या पुढे आहेत त्यांचे शालेय शिक्षण १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येण्याच्या आधी सुरू झाले होते. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी त्यांनी तोंडपाठ केली होती, आणि आण्यांचा हिशेब त्यांच्या हाडीमासी खिळलेला आहे. ‘पंचवीस टक्के जोखीम’ म्हटल्यावर जे आजोबा गप्प बसतात, ते ‘चौघांत एकाला’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न विचारतात.

आता ज्या गोष्टीने मला या विषयाकडे ओढून आणले ती सांगतो. सल्लागृहात वृद्ध रुग्ण समोर बसलेला असतो आणि डॉक्टर त्याच्या मुलाकडे पाहून विचारतात, ‘यांना झोप लागते का?’ मूल परदेशी असेल तर तोच संवाद भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून, रुग्णाच्या डोक्यावरून, चालतो. ज्याच्याशी कोणी बोलत नाही तो ऐकण्याचे सोडून देतो, आणि मग त्याने ऐकले नाही हेच त्याच्या असमर्थतेचे प्रमाण म्हणून पुढे करण्यात येते. सुसान केम्पर यांनी वृद्धांशी बोलण्याच्या त्या लाडिक, लहान मुलांशी बोलल्यासारख्या तऱ्हेचा बारकाईने अभ्यास केला आहे. वाक्यरचना सोपी केल्याने व एखादा मुद्दा पुन्हा स्पष्ट करून सांगितल्याने समजण्यास मदत होते, पण कृत्रिम उंच स्वर आणि तुटक-तुटक शब्द यांनी ती होत नाही, उलट मन दुखावते, असा त्यांचा निर्वाळा आहे. ‘समजलं ना?’ या प्रश्नाला आपल्या संस्कृतीत वाढलेला वृद्ध ‘हो’ असेच उत्तर देतो, कारण डॉक्टरांचा वेळ घेणे त्याला संकोचाचे वाटते. त्याऐवजी ‘काका, मी नीट सांगितले की नाही ते मला पाहायचे आहे, घरी गेल्यावर काकूंना तुम्ही हे कसे सांगाल?’ असे विचारले, तर परीक्षा सांगणाऱ्याची होते आणि काकांचा मान राहतो. या पद्धतीला दोन-तीन मिनिटे अधिक लागतात.

वार्धक्यातील हा स्वाभाविक मंदपणा आणि स्मृतिभ्रंशाचा रोग यांची गल्लत मात्र कोणत्याही दिशेने होऊ देऊ नये. चष्मा कोठे ठेवला ते न आठवणे वयाचे लक्षण असेल. ओळखीच्या गल्लीत वाट चुकणे किंवा नेहमीचा व्यवहार अचानक न उमगणे यांची वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, कारण ब-१२ जीवनसत्त्वाची किंवा थायरॉईडची उणीव, खिन्नता, ऐकू न येणे ही कारणे उपचाराने सुधारतात. कधी कधी औषधच दोषी असते : मार्क बीअर्स यांनी १९९१ साली वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची जी यादी प्रथम प्रसिद्ध केली, तिच्यात झोपेच्या कित्येक गोळ्या होत्या, आणि पुढील आवृत्त्यांत खाजेसाठी व सर्दीसाठी सर्रास दिली जाणारी जुनी औषधेही आली. ज्या रुग्णाला काही समजत नाही अशी तक्रार आहे, त्याच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करून पाहणे हे तपासणीचे पहिले काम आहे.

हे सगळे कोणी करावयाचे, हा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. गर्दीच्या दवाखान्यातील डॉक्टराला वेळ नसतो हे मला मान्य आहे, आणि परिचारिकांवर आधीच किती भार आहे तेही मी जाणतो. परंतु एक जागा अशी आहे की जेथे कायद्याने ही जबाबदारी स्पष्टपणे सोपविलेली आहे. भारतीय औषधनिर्माण परिषदेने २०१५ साली केलेल्या विनियमांनुसार नोंदणीकृत औषधविक्रेत्याने रुग्णाला सल्ला देणे अपेक्षित आहे, आणि त्यात औषधाचे नाव, हेतू, मात्रा, मुदत, साठवण आणि मात्रा चुकल्यास काय करावे इतका तपशील येतो. गावोगावच्या औषधांच्या दुकानांत त्यासाठी खर्चाची सामग्री लागणार नाही. एक स्टूल, एक चांगला दिवा, जाड टोकाचे एक पेन, आणि पाकिटावर मराठीत ‘रक्तदाबासाठी, सकाळी चहानंतर’ एवढे मोठ्या अक्षरांत लिहून ते रुग्णाकडून वाचवून घेण्याची, व वाचता येत नसेल तर सूर्य-चंद्राची खूण काढून देण्याची तयारी. पुस्तकाच्या अखेरच्या भागात अशा पाकिटांचे आणि तक्त्यांचे नमुने दिले आहेत. ते कोणीही उतरून घ्यावेत, आपल्या गावच्या बोलीत बदलावेत, आणि प्रथम घरातील सर्वांत वयस्क माणसाला दाखवून त्यातील अडचणी त्याच्याकडूनच विचारून घ्याव्यात.